शेजाऱ्याच्या विहाराचा उंबरठा

यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरून वर्धा नदी वाहते. अलीकडे वणी तालुक्यातील कापसाची काळी जमीन आणि कोळशाच्या खाणी, पलीकडे चंद्रपूर जिल्हा. वणीहून निघालेला प्रवासी नदी ओलांडून साधारण तासाभरात भद्रावती या प्राचीन नगरात पोहोचतो. इंग्रजी अंमलातील कागदपत्रांत या गावाचे नाव भांदक असे येते आणि तेथील रेल्वे स्थानक आजही त्याच नावाने ओळखले जाते. गावात भद्रनागाचे मंदिर आहे, जैन बांधवांचे केसरिया पार्श्वनाथाचे तीर्थ आहे, आणि गावाजवळच विजासन नावाच्या टेकडीच्या पोटात एक बौद्ध लेणे आहे.

आध्यात्मिक साधनेसाठी वा तीर्थयात्रेसाठी यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या धर्मग्रामांतून निघालेल्या भाविकांची वाट कधी कधी या टेकडीजवळून जाते. गाडी थांबली की कोणीतरी हमखास विचारते, “फादर, आत गेलेले चालेल का?” विचारणारा बहुधा कुटुंबवत्सल, श्रद्धावान माणूस असतो. त्याला लेणे पाहण्याचे कुतूहल असते आणि त्याच वेळी, आपण आपल्या प्रभूशी काही प्रतारणा तर करीत नाही ना, अशी शंकाही असते. या प्रश्नाला एका शब्दात ‘हो’ असे उत्तर देऊन मोकळे होता येईल. परंतु हा प्रश्न आजचा नाही. ख्रिस्ती माणसे या भूमीवर गेली साडेचारशे-पाचशे वर्षे बौद्ध लेण्यांच्या उंबरठ्यापाशी येत आहेत. त्यांतील काही आत कशी गेली व काय घेऊन बाहेर आली, याचा इतिहास ठाऊक असेल तर उत्तर अधिक जबाबदारीने देता येते. तो इतिहास येथे थोडक्यात मांडण्याचा आमचा हेतू आहे.

विजासनचे लेणे

अजिंठा, कार्ले, भाजे येथील लेण्यांची सवय असलेल्या डोळ्यांना विजासनचे लेणे अगदी वेगळे वाटते. चैत्यगृह म्हटले की खांबांच्या दोन ओळी आणि टोकाला स्तूप. विहार म्हटला की मधले दालन आणि भोवती भिक्षूंच्या खोल्या, असा आराखडा आपल्या मनात असतो. येथे त्यांपैकी काही नाही. टेकडीत सरळ आत सुमारे ७० फूट लांबीचा एक बोळ कोरलेला आहे. त्याच्या शेवटी एक गाभारा आणि त्यात ओट्यावर बसलेली भगवान बुद्धांची भव्य मूर्ती. या मुख्य बोळाला उजवीकडे व डावीकडे काटकोनात आणखी दोन बोळ फुटतात आणि त्या प्रत्येकाच्या शेवटी पुन्हा एक गाभारा व एक मूर्ती. अनेक अभ्यासक या लेण्याचा आरंभ सातवाहन काळात मानतात.

सातव्या शतकात ह्यूएनत्संग हा चिनी भिक्षू आपल्या देशातून सुमारे इ. स. ६२९ मध्ये निघाला आणि ६४५ मध्ये परतला. धर्मग्रंथ मिळवावेत व बुद्धांच्या पावलांनी पुनीत झालेली स्थळे पाहावीत, ही त्याची तळमळ होती. या यात्रेत त्याने कोसल नावाच्या एका देशाचे वर्णन केले आहे. तेथील राजा क्षत्रिय असून बौद्ध धर्माचा आदर करणारा आहे, देशात सुमारे शंभर संघाराम आहेत व दहा हजारांच्या आत-बाहेर भिक्षू राहतात, असे तो लिहितो. थोर आचार्य नागार्जुन यांचे वास्तव्यही तो याच देशाशी जोडतो. या देशाची राजधानी कोठे होती, यावर पंडितांचा वाद आहे. पुरातत्त्व सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी चांदा-भांदकच्या बाजूकडे बोट दाखविले. पुढच्या अनेक संशोधकांनी छत्तीसगडमधील सिरपूरचा पक्ष घेतला. वाद कसाही सुटो, १८७३-७४ च्या दौऱ्यात कनिंगहॅम भांदकला आले आणि या लेण्याची नोंद जगापुढे आली, एवढे निश्चित आहे.

मोजपट्टी घेऊन आलेल्या अशा माणसांचे ऋण मान्य केले पाहिजे. त्यांच्या वहीत टिपले गेले नसते तर कित्येक लेणी गुराख्यांची सावली आणि वटवाघळांची वस्ती एवढ्यापुरतीच राहिली असती. तरीही लेणे किती फूट लांब आहे हे कळले म्हणजे तेथे बसून माणसे काय शोधीत होती हे कळले, असे होत नाही.

एका प्रायश्चित्तकाळात पंधरा-वीस भाविकांसह आम्ही या लेण्यात गेलो. बाहेर पळस फुलले होते आणि ऊन चढू लागले होते. आत पाऊल टाकताच हवा थंड झाली. आराखडा पाहून आमच्यातील एक तरुण उत्साहाने म्हणाला, “फादर, हा तर क्रूस आहे!” सरळ बोळ आणि त्याला छेद देणारे दोन बाहू पाहून त्याला तसे वाटणे स्वाभाविक होते. आम्ही त्याला म्हणालो, “बाबा रे, ज्यांनी हे खोदले त्यांच्या मनात क्रूस नव्हता. त्यांच्या घरात आपली खूण शोधण्याआधी त्यांची खूण कोणती ते पाहू.” त्या तरुणाने मान डोलावली व तो मूर्तीसमोर गप्प उभा राहिला.

आत एक वृद्ध बौद्ध माता पांढऱ्या लुगड्यात वंदना आटोपून बसली होती. आम्हांला पाहून ती बाजूला सरकली. “बसा जी थोडं. लांबून आले तुमी,” ती म्हणाली. बोलता बोलता कळले की १९५६ साली ती लहान मुलगी होती. “माय-बापासंगं चांद्याले गेली होती मी. गर्दीत बाबासायब काई दिसले नाई जी. पन घरी आल्यावर बापानं देवघरातले देव नदीत नेले, ते आठवते.” मग आमच्या गळ्यातील क्रूसाकडे पाहून तिने सरळ विचारले, “आमी तुमच्या चर्चात आलो त बसू देता ना?”

“हो आजी, अवश्य या,” असे आम्ही म्हणालो. परंतु तिचा प्रश्न गाडीत बसल्यावरही सर्वांच्या मनात होता. आत गेलेले चालेल का, हा आपला प्रश्न असतो. समोरच्या माणसाच्या मनातही तोच प्रश्न आपल्या दाराविषयी असतो, याचा विचार आपण क्वचितच करतो.

कान्हेरीचे चर्च

आता चार शतके मागे जाऊ आणि वऱ्हाडातून कोकणात उतरू. १५३४ साली वसई व साष्टीचा मुलूख पोर्तुगीजांच्या हाती गेला. त्या मागोमाग फ्रान्सिस्कन संघाचे धर्मगुरू तेथे आले. त्यांच्यातील फादर आंतोनियो दो पोर्तो यांचे नाव या काळाच्या इतिहासात ठळकपणे येते. साष्टीच्या जंगलात कान्हेरी नावाची बौद्ध लेणी होती. शंभरहून अधिक लेण्यांचा तो डोंगर म्हणजे एके काळी भिक्षूंचे गावच होते. परंतु सोळाव्या शतकात तेथे भिक्षू उरले नव्हते. डोंगरातील मोठे चैत्यगृह, ज्याच्या दाराशी दोन भव्य बुद्धमूर्ती उभ्या आहेत, ते फ्रान्सिस्कनांनी शुद्ध करून घेऊन संत मिखाएलचे चर्च केले.

गोव्याच्या दफ्तरखान्याचे प्रमुख व इतिहासकार दियोगो दो कूतो (१५४२-१६१६) यांनी कान्हेरीचे सविस्तर वर्णन लिहिले आहे. डोंगराच्या पोटातील भुयारे कोठवर जातात हे पाहण्यासाठी फादर आंतोनियो यांनी काही माणसे, पाणी व शिधा बरोबर घेऊन सात दिवस आत वाटचाल केली आणि तरीही अंत लागला नाही, अशी कथा ते सांगतात. कथेत अतिशयोक्ती असणारच. पण त्या धर्मगुरूंच्या मनाचे चित्र तीतून उमटते. लेणे त्यांना गूढ वाटत होते, भव्य वाटत होते, परंतु ते कोणाचे आहे हे सांगणारा कोणी जाणकार त्यांच्यापुढे नव्हता.

त्या काळाच्या कायद्यात व समजुतीत हे कृत्य पुण्याचे मानले जात होते. आजच्या मापाने त्यांना मोजून मोकळे होणे सोपे आहे. आम्हांला येथे वेगळीच गोष्ट सांगावयाची आहे. चैत्यगृहाचे चर्च झाले, तेथे मिस्सा अर्पण झाली, आणि १७३७ ते १७३९ या काळात साष्टी व वसई मराठ्यांकडे गेल्यावर त्या चर्चचे नावही हळूहळू लोपले. बुद्धमूर्ती मात्र दाराशी तशाच उभ्या राहिल्या. मालक म्हणून आत गेलेल्या माणसाला जागा मिळाली, पण त्या जागेत ज्यांनी शतकानुशतके ध्यान केले ते काय म्हणत होते, हे त्याला ऐकू आले नाही.

अपवाद एवढाच की एका म्हाताऱ्याचे बोलणे कूतोंपर्यंत पोहोचले. वसईच्या मुलखातील एका वयोवृद्ध माणसाला, ही लेणी कोणी केली असे विचारले असता तो म्हणाला की एका राजाने आपल्या मुलासाठी ती करविली. मुलगा मोठा होऊन संन्यासी होईल असे भविष्य ज्योतिष्यांनी वर्तविले होते. त्याला दुःखाचे दर्शनच होऊ नये म्हणून राजाने त्याला जपून ठेवण्याचा घाट घातला होता. बौद्ध धर्म कोकणातून लोपून कित्येक शतके उलटली होती, तरी राजपुत्र सिद्धार्थाची कथा साष्टीच्या खेड्यांत जिवंत होती!

संत जोसाफात

ही कथा ऐकताच कूतोंना आपल्या चर्चमधील एका संताची आठवण झाली. बार्लाम आणि जोसाफात या दोन संतांची कथा मध्ययुगात साऱ्या युरोपात आवडीने वाचली जात होती. (युक्रेनमधील हुतात्मा संत जोसाफात हे वेगळे, ते सतराव्या शतकातील.) जुन्या कथेतील जोसाफात हा भारतातील एका राजाचा मुलगा. तो ख्रिस्ती होईल असे भविष्य ऐकून बाप त्याला महालात कोंडतो. तरीही मुलाला रोगी, वृद्ध व मृत्यू यांचे ज्ञान होते. बार्लाम नावाचा तपस्वी त्याला ख्रिस्ताची शिकवण देतो आणि राजपुत्र राज्य सोडून अरण्यात जातो. रोमन हुतात्मा-ग्रंथात या दोघांचे स्मरण २७ नोव्हेंबरला होत असे. १५७१ साली व्हेनिसने पोर्तुगालचा राजा सेबॅस्तियन याला जोसाफातचे म्हणून मानलेले एक पवित्र अवशेषही भेट दिले.

कूतोंनी निष्कर्ष काढला तो असा की भारतीय लोक ज्याला बुद्ध म्हणतात तो मुळात आमचा संत जोसाफातच असावा. साम्य त्यांच्या तीक्ष्ण नजरेने बरोबर टिपले, पण नाते उलटे लावले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात युरोपीय पंडितांनी ग्रंथ ताडून पाहिले आणि उलगडा झाला. सिद्धार्थाची कथा भारतातून मध्य आशियात गेली, तेथून अरबी भाषेत, मग जॉर्जियन भाषेत, सुमारे इ. स. १००० मध्ये ग्रीकमध्ये व नंतर लॅटिनमध्ये आली. वाटेत ‘बोधिसत्त्व’ या शब्दाचा उच्चार बदलत बदलत बुदासाफ, युदासाफ, योआसाफ आणि अखेर जोसाफात असा झाला.

म्हणजे ज्या काळात कान्हेरीच्या चैत्यगृहात संत मिखाएलच्या नावाने मिस्सा होत होती, त्याच काळात बुद्धचरित्राची छाया ख्रिस्तसभेच्या संतमालिकेत केव्हाच येऊन बसली होती. विनोद म्हणून हसून सोडून देण्याइतकी ही गोष्ट हलकी नाही. राजवाडा सोडून सत्याच्या शोधात निघालेल्या राजपुत्राची कथा ऐकून युरोपातील हजारो ख्रिस्ती माणसांनी आपले जीवन तपासले. कोणाची कथा आहे हे माहीत नसतानाही तिने त्यांचे भले केले. अनेक पिढ्यांपूर्वी, इ. स. २०० च्या सुमारास, अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंतने भारतातील बुद्धाच्या अनुयायांचा उल्लेख केला होता. त्या ओळखीचा धागा मधल्या काळात तुटला, कथा मात्र चालत राहिली.

ल्हासा येथील येशूसंघीय

तुटलेला धागा पुन्हा जोडण्याचा प्रयत्न करणाऱ्यांत इप्पोलितो देसिदेरी या इटालियन येशूसंघीय धर्मगुरूंचे स्थान फार वरचे आहे. ते १७१३ मध्ये गोव्यास उतरले, सुरत-दिल्ली मार्गे काश्मीर व लडाख ओलांडून १८ मार्च १७१६ रोजी तिबेटची राजधानी ल्हासा येथे पोहोचले. तेथील राजाने त्यांना सल्ला दिला की आमच्या धर्माविषयी बोलण्याआधी तो नीट शिका. देसिदेरींनी तो मानला. प्रथम रामोचे आणि नंतर सेरा येथील बौद्ध विद्यापीठात ते राहिले, भिक्षूंबरोबर वादसभांत बसले, त्यांचे प्रचंड ग्रंथ वाचले. भिक्षूंनी त्यांना राहावयास घर दिले आणि आपल्या निवासात वेदी मांडून मिस्सा अर्पण करण्यास मोकळीक दिली.

वाचकांनी या ठिकाणी क्षणभर थांबावे. कान्हेरीत रिकाम्या पडलेल्या चैत्यगृहाचे चर्च झाले होते. सेरा येथे भरलेल्या विहाराने एका ख्रिस्ती धर्मगुरूला स्वतःच्या छपराखाली मिस्सेसाठी जागा दिली. दोन्ही ठिकाणी प्रभूच्या शरीराचे व रक्ताचे तेच संस्कार झाले. यजमानाने दिलेली जागा आणि स्वतः घेतलेली जागा यांत मात्र मोठा फरक आहे.

देसिदेरी गोडबोले पाहुणे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. पुनर्जन्म आणि शून्यता या दोन सिद्धान्तांशी आपले मतभेद त्यांनी तिबेटी भाषेतच ग्रंथ लिहून मांडले. सृष्टीला निर्माता परमेश्वर आहे, या श्रद्धेवर त्यांनी पाणी सोडले नाही. पण ज्यांच्याशी वाद घालायचा त्यांची भाषा, त्यांचे तर्कशास्त्र व त्यांची शिस्त आधी आत्मसात केली, आणि त्यांच्या दयाळूपणाची मोकळ्या मनाने स्तुती केली. १७२१ मध्ये ते तिबेटमधून परतले. त्यांचा वृत्तान्त युरोपात दीर्घकाळ अप्रकाशित राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हस्तलिखिते हाती लागली तेव्हा कोठे जगाला त्यांची थोरवी कळली.

याच उत्तरार्धात आमच्या वसई तालुक्यातही एक दार उघडले. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपारा येथील ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखला जाणारा ढिगारा उकरला. आत स्तूप निघाला, आणि स्तूपाच्या गाभ्यात दगडी करंडक, आत एकात एक बसविलेले करंडक, सोन्याची फुले, बुद्धांच्या आठ लहान मूर्ती व मातीच्या पात्राचे तुकडे सापडले. ते तुकडे बुद्धांच्या भिक्षापात्राचे मानून पूर्वजांनी जपले होते, असा पंडितजींचा तर्क होता. वसईतील ज्या भाविकांच्या शेतांलगत हा कोट होता, त्यांच्या पायाखाली दीड हजार वर्षे कोणाची तरी भक्ती झाकलेली होती.

चांद्याची १६ ऑक्टोबर

येथवर आपण रिकाम्या लेण्यांविषयी व दूरच्या विहारांविषयी बोललो. यवतमाळ जिल्ह्यात मात्र बौद्ध धर्म हा पुरातत्त्वाचा विषय नाही. तो शेजाऱ्याचा धर्म आहे.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवला येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. त्यानंतर निरनिराळ्या धर्मांची माणसे त्यांना भेटली. त्यांत ख्रिस्ती पुढारीही होते. जानेवारी १९३८ मध्ये सोलापूर येथील ख्रिस्ती लोकांपुढे बोलताना, धर्मांच्या तौलनिक अभ्यासात बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींनीच आपले मन जिंकले, असे त्यांनी सांगितले. परंतु त्याच भाषणात दक्षिणेतील चर्चमध्ये जातिभेद पाळला जातो, याबद्दल त्यांनी स्पष्ट नाराजी व्यक्त केली. ख्रिस्ताविषयी आदर आणि ख्रिस्ती समाजाविषयी निराशा, असे ते दुहेरी मत होते. त्यातील पहिला भाग आपण आनंदाने सांगतो. दुसरा भागही आपल्याच घरात वाचला गेला पाहिजे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे कुशीनगरचे वयोवृद्ध भिक्षू चंद्रमणी महास्थवीर यांच्याकडून बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि मग लाखो अनुयायांना दिली. दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, चांदा येथे असाच सोहळा झाला. वणीपासून चांदा फार दूर नाही. वर्धेच्या दोन्ही तीरांवरील खेड्यांतून माणसे चालत, बैलगाड्यांनी, मिळेल त्या वाहनाने दीक्षेला गेली, हे या भागातील वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. नवा धर्म स्वीकारलेल्या समाजाला अवघ्या सात आठवड्यांत आपला मार्गदर्शक गमवावा लागला, तरीही त्याने गावोगाव विहार उभे केले.

आमच्या वाचकांनी एक तारीख याच्याशेजारी ठेवून पाहावी. यवतमाळ जिल्हा ज्यात येतो तो अमरावती धर्मप्रांत ८ मे १९५५ रोजी स्थापन झाला. त्यापूर्वी हा भाग १८८७ साली स्थापन झालेल्या नागपूर धर्मप्रांताकडे पाहत असे. म्हणजे वऱ्हाडातील आमची धर्मप्रांतीय घडी बसत होती त्याच दीड वर्षात आमचे शेजारी बुद्धाला शरण गेले. एकाच वस्तीत, कधी एकाच घराण्यात, एक फांदी चर्चकडे व दुसरी विहाराकडे वळलेली आढळते. लग्नकार्यात व मयतीला ही माणसे अजूनही एकमेकांच्या दारी येतात.

या शेजारात एक सलही आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदू धर्मीयांपुरत्या मर्यादित झाल्या. १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध बांधवांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती झालेल्यांचा झाला नाही. त्यामुळे एकाच आज्याच्या दोन नातवांपैकी एकाला सवलत आणि दुसऱ्याला नाही, अशी स्थिती निर्माण झाली. आमच्या काही कुटुंबांच्या मनात यामुळे कडवटपणा येतो, तो आम्ही जवळून पाहतो. न्याय मागणे हा त्यांचा हक्क आहे. परंतु शेजाऱ्याला जे उशिरा मिळाले ते त्याने आमच्याकडून हिरावून घेतलेले नाही. त्याच्या विहाराच्या दाराशी उभे राहताना हा हिशेब मनात स्वच्छ असावा.

ख्रिस्तसभेची वाट

२८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ख्रिस्तेतर धर्मांविषयीचे निवेदन जाहीर केले. या बदलत्या जगाची अपूर्णता बौद्ध धर्म ओळखतो आणि मुक्तीचा मार्ग शिकवितो, असे सांगून या धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्याचा ख्रिस्तसभा अव्हेर करीत नाही, अशी भूमिका परिषदेने घेतली. त्याच वेळी ख्रिस्ताची घोषणा करण्याचे आपले कर्तव्यही तिने ठामपणे सांगितले. १९६८ च्या डिसेंबरात ट्रॅपिस्ट संन्यासी थॉमस मर्टन आपल्या आशियाई यात्रेत श्रीलंकेतील पोलोन्नरुवाच्या बुद्धमूर्तींपुढे अनवाणी उभे राहिले. त्या दर्शनाने ते अंतर्बाह्य हलून गेले. मे १९८४ मध्ये संत पोप जॉन पॉल दुसरे बँकॉकच्या बौद्ध मंदिरात थायलंडच्या संघराजांना भेटले. जानेवारी २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोतील महाबोधी विहारास कार्यक्रमात नसतानाही भेट दिली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये तेही बँकॉकच्या त्याच मंदिरात गेले. दरवर्षी वैशाख पौर्णिमेच्या सणाला व्हॅटिकनमधून जगातील बौद्धांना शुभेच्छासंदेश जातो.

तेव्हा “आत गेलेले चालेल का?” असे विचारणाऱ्या आमच्या भाविकाला आम्ही इतिहासाच्या आधारे उत्तर देतो: पाहुणा म्हणून जा. पाहुणा पादत्राणे दाराबाहेर काढतो, हलक्या आवाजात बोलतो, यजमान दाखवील तेथे बसतो. पाहुणा यजमानाच्या घरातील वस्तू आपल्या म्हणत नाही, आणि आपले घर विसरूनही जात नाही. बुद्धाने दुःखाचे मूळ तृष्णेत पाहिले व माणसाने स्वप्रयत्नाने ती विझवावी असे सांगितले. आम्ही दुःखाच्या मुळाशी पाप पाहतो आणि क्रूसावर मरण पावून उठलेल्या प्रभूच्या कृपेने तारण होते असे मानतो. हा भेद खरा आहे. तो झाकून केलेली मैत्री पहिल्या वाऱ्यात कोलमडते. पण करुणा, अहिंसा, साधेपणा आणि मौन यांविषयी शेजाऱ्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. मौनाच्या बाबतीत तर आमच्या कलकलत्या धर्मग्रामांनी शिकवणीच लावावी.

आणि उत्तराचा दुसरा अर्धा भाग आपल्या दाराशी आहे. वैशाख पौर्णिमा बहुधा मे महिन्यात येते. तो आपला पवित्र मरियेचा महिना. घराघरांत रोझरी होते, लहान मुले फुले आणतात. त्या दिवशी वस्तीतील बौद्ध शेजारी खीर वाटतात. ती घेताना आपल्या मुलांना तिची गोष्ट सांगावी. सिद्धार्थ उपासाने क्षीण झाला असता सुजाता नावाच्या स्त्रीने त्याला खीर दिली आणि ती खाऊन तो बोधिवृक्षाखाली बसला. आणि रोझरीला, नाताळच्या मिस्सेला, मृताच्या प्रार्थनेला तो शेजारी चर्चच्या दाराशी आला, तर त्याला मागच्या बाकावर एकटे न ठेवता आपल्या कुटुंबाशेजारी सरकून जागा करून द्यावी.